कवटीच्या कानातही डोकावून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राचीन रोमन थडग्यांतील सांगाड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. माणूस मेला कशाने, सोबत काय पुरले, हे त्यात सविस्तर आहे. तो जगला कसा, हे मात्र राहून गेले. मी गेली अनेक वर्षे कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून हे पत्र.

प्राचीन रोमच्या पोर्तुस आणि ओस्तिया या बंदरांच्या मध्ये इसोला साक्राची दफनभूमी आहे, साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. घरांसारखी विटांची थडगी आणि त्यांच्या आसपास गरिबांच्या कबरी. काही कबरींवर खूण म्हणून मातीच्या कुंभाची नुसती मान रोवलेली. मृतासाठी मद्य ओतायचे तेही तिच्यातूनच. इथल्या अनेक पुरुषांच्या कवट्यांत कानाच्या नळीत हाडाचे गुळगुळीत उंचवटे सापडले आहेत. वर्षानुवर्षे थंड पाण्यात बुडी मारणाऱ्यांना ते होतात. पोहणाऱ्यांच्या कानात मी ते आजही पाहते. नळी इतकी अरुंद होते की पडदा दिसत नाही, आत पाणी अडकते, ऐकू कमी येते. बंदरातल्या त्या माणसांनाही हाक नीट ऐकू येत नसेल, असे मला वाटत राहते.

काळजीची गोष्ट पुढेच आहे. आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडात डीएनए सर्वांत चांगला टिकतो, म्हणून संशोधक तेच कापतात. रोम परिसरातल्या १२७ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साम्राज्याच्या काळात पूर्व भूमध्य प्रदेशातून किती माणसे रोमला आली, हे त्यातून समजले. काम मोलाचेच आहे. पण कापलेले हाड पुन्हा जुळत नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन व्हावा आणि नळीतली माती बारीक चाळणीतून जावी. आवाज आतल्या कानापर्यंत पोचवणारे रिकीब हे हाड जेमतेम ३ मिलिमीटरचे, कवटी धुताना मातीबरोबर सहज वाहून जाते. ते जागच्या जागी घट्ट बसले होते का, यावरून बहिरेपणाचे कारण कळू शकते.

याच दफनभूमीत स्क्रिबोनिया अत्तिका हिने स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी बांधलेले थडगे आहे. त्यावरच्या भाजक्या मातीच्या फलकावर सुईण बाळंतपण करताना दिसते आणि दुसऱ्या फलकावर वैद्य रुग्णाच्या पायावर उपचार करतो आहे. पुढच्या लेखात ही दोन चित्रे जरूर छापावीत.

आपली,
एक नियमित वाचक