आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : ही पिशवी आता पेशंटच्या हातातून काढून घ्या

मा. आरोग्यमंत्री, गोवा सरकार, यांस

साहेब, नमस्कार. मी डिचोली तालुक्यात फार्मसी चालवते, सतरा वर्षं होत आली. काऊंटरवर उभं राहून जे रोज दिसतं ते तुमच्या टेबलावरच्या फायलीत येत असेल असं वाटत नाही म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझ्याकडे औषध न्यायला येणारं जवळजवळ प्रत्येक वयस्कर माणूस हातात एक पिशवी घेऊन येतं. साडीच्या दुकानाची नाहीतर सोनाराकडची, बंद तुटलेली. आत बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा केसपेपर, म्हापशाच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, दोन-तीन प्रायव्हेट लॅबचे रिपोर्ट, एक्सरेचं पाकीट, रिकाम्या स्ट्रिपा आणि मधेच लाईटचं बिल. ही पिशवी म्हणजेच त्या माणसाचा सगळा वैद्यकीय इतिहास, दुसरीकडे कुठेच तो एकत्र नाही. पावसाळ्यात ती भिजते, वाळवी लागते, घर बदलताना हरवते. एका आजींनी आपला ईसीजी जपून राहावा म्हणून लॅमिनेट करून आणला होता. ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णता लागली की काळा पडतो, तो अख्खा काळाकुट्ट झाला होता आणि आजी तो दोन्ही हातांनी धरून मला विचारत होत्या की यात काय लिहिलंय ते वाचून सांग. लॅमिनेट नाही केला तरी दोन-चार वर्षांत त्यावरच्या रेघा पुसट होऊन जातातच.

आणि ज्यांच्याकडे पिशवी पण नसते ते म्हणतात, "बाय, ती धवी ल्हान गुळी दी." साहेब, धव्या म्हणजे पांढऱ्या लहान गोळ्या माझ्या कपाटात किती प्रकारच्या असतील याची तुम्ही कल्पना करा.

आता घरातली गोष्ट सांगते. माझ्या काकांना बीपी होता, एका प्रायव्हेट डॉक्टरांनी मेटोप्रोलोल नावाची बीपी आणि नाडीचा वेग कमी करणारी गोळी दिलेली, ती माझ्याच दुकानातून दर महिन्याला जायची. मग छातीत दुखलं म्हणून एका हॉस्पिटलात चार दिवस ॲडमिट होते. तिथे विचारलं कुठली औषधं चालू आहेत, काकांनी सांगितलं "बीपीची एक गोळी", नाव आठवेना, पिशवी घरी राहिलेली. डिस्चार्जच्या वेळी त्यांना हृदयासाठी गोळ्या दिल्या, त्यातली एक मेटोप्रोलोलच होती, फक्त कंपनी वेगळी, नाव वेगळं, स्ट्रिपचा रंग वेगळा. काकीने बिचारीने जुनी पण दिली आणि नवी पण दिली, कारण कुणी जुनी बंद कर असं सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे डबल डोस चालला. पहाटे बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडले, पल्स ३८ होता, खुबा मोडला.

मी त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचलं, दोन्हीवर तेच. मी शिकलेली फार्मासिस्ट, माझ्या स्वतःच्या काकांना हे झालं. हॉस्पिटलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नाहीच. त्यांच्या कॉम्प्युटरमधे काकांचं ॲडमिशन होतं, डिस्चार्जची औषधं होती. माझ्या बिलिंगच्या कॉम्प्युटरमधे दर महिन्याची एंट्री होती, तारखेसकट. प्रायव्हेट डॉक्टरांकडे त्यांची फाईल होती. माहिती सगळी होती साहेब, तीन ठिकाणी होती आणि तिन्ही ठिकाणं एकमेकांशी बोलत नव्हती. एका स्क्रीनवर जर दोन्ही नावं आली असती तर कुठल्याही साध्या सॉफ्टवेअरने लाल रंगात दाखवलं असतं की हे औषध आधीच चालू आहे.

म्हणून कुणी "आमच्याकडे सगळं कॉम्प्युटराइज्ड झालंय" असं म्हटलं की मला त्याचा आनंद होत नाही. कागदावरचं कॉम्प्युटरमधे टाकलं एवढ्याने पेशंटला काही मिळत नाही, ते एका दारातून दुसऱ्या दारात गेलं पाहिजे.

आणि हे आपल्याला जमत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण आपल्याच गोव्यात ते करून दाखवलंय. हार्ट अटॅकसाठी जो स्टेमी प्रोजेक्ट आहे त्यात दुसरं काय आहे? गावातल्या हेल्थ सेंटरला माणूस छातीत कळ घेऊन येतो, तिथे ईसीजी काढतात, तो त्याच मिनिटाला बांबोळीला हार्टच्या डॉक्टरांना दिसतो, ते सांगतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं जातं, मग ॲम्ब्युलन्स निघते. वाळपई किंवा काणकोणहून बांबोळीला जायला जो तासभर किंवा जास्त लागतो तो तास आता वाया जात नाही. पेशंटच्या आधी त्याची माहिती पोचली, एवढंच झालं, आणि माणसं वाचली. मग तीच गोष्ट डायबेटिसवाल्याच्या, किडनीवाल्याच्या, बाळंतपणाला आलेल्या मुलीच्या बाबतीत का नाही?

केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाचे आरोग्याचे कागद ज्या नंबरला जोडायचे तो १४ आकडी आभा नंबर आता पुष्कळांकडे आहे, कारण ओपीडीत क्यूआर स्कॅन केला की रांगेत न थांबता टोकन मिळतं. चांगलंच आहे ते. पण मी दुकानात कितीतरी लोकांना आभाचं ॲप उघडून दिलंय आणि आत बघितलं तर रिकामं. नंबर आहे, रेकॉर्ड नाही. नवीन घराला नंबरप्लेट लावली आणि आत माणसंच राहायला आली नाहीत तसं.

खरंतर त्या योजनेची रचना मला पटते. सगळा डेटा एका ठिकाणी गोळा करायचा नाही, रिपोर्ट जिथे झाला तिथेच राहतो, डॉक्टरला बघायचा असेल तर पेशंटकडे परवानगी मागायची, किती दिवसांसाठी आणि काय काय दाखवायचं ते पेशंट ठरवणार, नंतर परवानगी काढून पण घेता येते. पण त्यासाठी हॉस्पिटलने, लॅबने रिपोर्ट त्या नंबरला जोडायला पाहिजे. तो जोडला जात नाही ही गाठ आहे आणि ती सोडवणं तुमच्या हातात आहे.

गोवा लहान आहे हे आपण नेहमी तक्रारीच्या सुरात बोलतो. या बाबतीत ते आपलं भाग्य आहे. २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार होतो. युरोपात एस्टोनिया नावाचा देश आहे, लोकसंख्या साधारण आपल्याएवढीच, त्यांनी २००८ पासून देशभराची आरोग्य नोंद एकमेकांना जोडली. तिथला माणूस लॉगिन करून स्वतःचे रिपोर्ट बघतोच, शिवाय आपली फाईल कुठल्या डॉक्टरने कधी उघडली ते पण त्याला दिसतं. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

का ते सांगते. आपल्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. हेल्थ सेंटरमधे कोण ना कोण शेजारी असतं, नाहीतर सुनेची मावसबहीण. टीबी, मानसिक आजाराच्या गोळ्या, एचआयव्ही, लग्न न झालेल्या मुलीची तपासणी, हे बाहेर फुटलं तर त्या घराला गावात तोंड दाखवणं मुश्किल होतं. माझ्याकडे लोक झोपेची आणि डिप्रेशनची गोळी घ्यायला तीन गावं सोडून येतात, इथे कुणी ओळखीचं नको म्हणून. ही माणसं आपली माहिती कॉम्प्युटरमधे जायला घाबरणारच आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना "डेटा सुरक्षित आहे" असं नुसतं सांगून चालणार नाही. कुणी फाईल उघडली की फोनवर मेसेज यायला पाहिजे, कोकणीत आणि मराठीत, आणि विनाकारण उघडणाऱ्यावर कारवाई व्हायला पाहिजे. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मधे झालाय, त्याचा धाक सेंटरच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचू दे.

आणखी एक, नोव्हेंबर २०२२ मधे दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथे कित्येक दिवस सगळं काम हातानं कागदावर करावं लागलं. आपल्याकडे तर हल्ला नको, पहिल्या पावसात लाईट आणि नेट जायला एक फांदी पुरे. म्हणजे बॅकअप, ऑफलाईन चालणारं सॉफ्टवेअर, इन्व्हर्टर, हे सगळं पहिल्या दिवसाच्या खर्चात धरा.

किडनीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. काणकोणातल्या किडनीच्या आजाराबद्दल किती वर्षं बोललं जातंय. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, एका रिपोर्टमधे १.३ आला तर कुणी फारसं मनावर घेत नाही. पण तीन वर्षांपूर्वी ०.९, मग १.१, आता १.३ असे आकडे एका खाली एक दिसले की डॉक्टर सावध होतो, दुखण्याच्या गोळ्या बंद करतो, बीपी आवळतो. डायलिसिस कित्येक वर्षं पुढे ढकलता येतं. आज ते तीन आकडे तीन लॅबमधे आहेत. आणि नावं न दाखवता गाववार आकडे एकत्र केले तर कुठल्या वाड्यावर पाणी तपासायला जायचं ते पण कळेल.

नावांचा घोळ वेगळाच. एकच माणूस एका ठिकाणी गावकर, दुसरीकडे गावंकर, तिसरीकडे गांवकार. आमच्या पंचक्रोशीत एकाच नावाचे चार-चार नाईक सापडतील, आणि जुन्या माणसांची जन्मतारीख बघाल तर बऱ्याच जणांची १ जून, मास्तरांनी शाळेत घातलेली. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जोडला गेला तर ते रेकॉर्ड नसण्यापेक्षा वाईट. हे काम दिल्लीतल्या सॉफ्टवेअरला कळणार नाही, इथलीच माणसं बसवावी लागतील.

आणि डॉक्टरांवर हे ढकलू नका. सकाळच्या ओपीडीत समोर रांग लागलेली असताना डॉक्टरने पेशंटकडे बघायचं की कीबोर्डकडे? प्रत्येक सेंटरला एंट्री करणारं माणूस द्या, निदान वर्षभर तरी.

सगळं एकदम करा असं मी म्हणत नाही. आधी फक्त चालू औषधांची यादी, ॲलर्जी, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे रिपोर्ट एवढं जोडा. बेशुद्ध माणूस १०८ मधून आला तर यादी आणि ॲलर्जी परवानगीशिवाय दिसू दे, पण कुणी बघितली त्याची नोंद राहू दे. सरकारी हॉस्पिटलांपुरतं ठेवू नका, कारण आमचा पेशंट आज सरकारीत आणि उद्या प्रायव्हेटात असतो. आपल्या राज्याची आरोग्यविमा योजना, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ पासून चालू आहे, त्यात बिलासाठी प्रायव्हेट हॉस्पिटलांकडून कागद येतातच ना, मग तीच डिस्चार्ज समरी पेशंटच्या नंबरला जोडली पाहिजे अशी अट घाला. फार्मस्यांना पण यात घ्या. शेवटी गोळी कोणती गिळली जाते ते आमच्या काऊंटरवर ठरतं.

सुरुवात एका तालुक्यापासून करायची असेल तर डिचोली घ्या, आम्ही तयार आहोत. माझ्या कॉम्प्युटरमधे सतरा वर्षांच्या एंट्र्या आहेत, लोकांची परवानगी घेऊन त्या जोडायला मी एक पैसा मागणार नाही, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बसून करीन. तुमचा माणूस कधीही पाठवा, मी सकाळी ९ वाजता शटर उघडते. काका आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. दर महिन्याला त्यांच्या गोळ्या घेऊन मी स्वतः जाते आणि टेबलावर सगळ्या स्ट्रिपा उलट्या मांडून एकेक नाव वाचते.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक फार्मासिस्ट