हँगरवाल्या काकांना, उशिरा का होईना, थँक्यू

काका, नमस्कार. तुमच्या फोनवर भजनं सोडून काही चालत नाही माहितीये, तरी घरातलं कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून लिहितेय.

विमान उडवायला शिकायच्या पहिल्याच आठवड्यात मी सेसना १७२, ते आपलं छोटं शिकाऊ विमान, ढकलायला सरळ प्रोपेलरला हात घातला आणि तुम्ही असे ओरडलात की वाटलं गेलं आपलं ट्रेनिंग. मग चहा पाजून सांगितलंत, मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणारा तो भाग) वायर तुटली असेल तर चावी बंद असतानाही पंखा फिरवला की इंजिन झटका मारू शकतं, म्हणून तो कायम जिवंत समजायचा. विमान ओढायचा-ढकलायचा दांडा पुढच्या चाकाला लावायचा, चाक ३० अंशांच्या पुढे पिळायचं नाही, शेपूट डावीकडे हवी तर नाक उजवीकडे, शेपटीच्या टोकाला धरून रेटायचं नाही, आणि इंजिन चालू करायच्या आधी दांडा काढलाय ना ते परत एकदा वाकून बघायचं. हँगरमधून, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमधून, बाहेर काढताना काही वाटायचं नाही कारण पावसाचं पाणी जायला उतार दिलेला, पण आत घालताना तोच उतार चढ व्हायचा आणि साडेसातशे किलो, वर टाकीतलं पेट्रोल, घाम निघायचा नुसता!

आणि ती मे महिन्यातली संध्याकाळ. आत आधीच दोन विमानं, बाहेर वारा सुटलेला, मी फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवर चाक ठेवण्यात गुंग, डावा पंख बघितला आणि ३६ फुटांच्या त्या प्रकरणाला उजवा पण असतो हेच विसरले. तुम्ही "थांब!" म्हणालात, चाकाला ठोकळा लावला आणि शेजारच्या विमानापर्यंतची जागा मोजलीत. चार बोटं. सरांना एक शब्द सांगितला नाहीत, मात्र पुढचा आठवडाभर प्रत्येक विमान आत जाताना मला पंखाच्या टोकाशी उभं केलंत (तेव्हा राग आलेला, खोटं कशाला बोलू).

आता मोठ्या विमानात बसते, ढकलायचं काम टग नावाची गाडी करते, मी वरून नुसतं ब्रेक सोडले म्हणून सांगते. पण खिडकीला नाक लावून पंखाजवळ माणूस दिसतोय का ते बघितल्याशिवाय जीव भांड्यात पडत नाही.

दिवाळीत येतेय. माझं कपाळ दोनदा पंखाला आपटल्यावर विमान हँगरमध्ये असताना तुम्ही पंखाच्या मागच्या कडेला लाल चिंधी अडकवायचात ना, तिच्यासाठी आईची जुनी साडी मागून ठेवलीये.