प्रपोजल प्राध्यापक लिहितील, बजेटला माणूस द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संशोधनाला पैसा नाही ही ओरड आपल्या पेपरात अधूनमधून येते आणि ती काही खोटी नाहीये, देश जीडीपीच्या जेमतेम 0.64 टक्के संशोधनावर खर्च करतो हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण माझी सगळी नोकरी मुंबईतल्या डिग्री कॉलेजांच्या अकाउंट्समध्ये गेली आणि तिथल्या टेबलावरून जरा वेगळं दिसतं. पैसा कमी आहे हे खरंच, पण जो आहे तोही आपल्या कॉलेजांपर्यंत येत नाही, कारण तो मागायचा कसा आणि आलाच तर सांभाळायचा कसा हे सांगायला तिथे कुणी नसतं. यावर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

‘प्रपोजल रायटिंग’ची, म्हणजे संशोधनासाठी अनुदान मागणारा अर्ज कसा लिहायचा याची वर्कशॉप्स मात्र सारखी कुठे ना कुठे चालू असतात. चहा, समोसा, पीपीटी, सर्टिफिकेट. ऑब्जेक्टिव्ह्ज कशी लिहायची, नॉव्हेल्टी कशी दाखवायची, हे सगळं सांगतात आणि चांगलंच सांगतात, पण बजेटची स्लाइड सगळ्यात शेवटी येते आणि तोवर निम्मा हॉल लोकल पकडायला उठलेला असतो. खरं तर प्रपोजल तपासणारा माणूस बजेट बघूनच ओळखतो की या माणसाने काम डोक्यात एकदा तरी करून बघितलंय की नाही.

एक उदाहरण देतो. आमच्याकडच्या बॉटनीच्या एका मॅडमना खाडीतल्या कांदळवनातला चिखल तपासायचा होता. विषय मस्त, सायन्सचा भाग वाचून मलाही कळला म्हणजे बघा. बजेटमध्ये मशीनचं कोटेशन लावलेलं पण जीएसटी वगळून, आणि लॅबच्या सामानावर पूर्वी संशोधन संस्थांना 5 टक्केच जीएसटी लागायचा, ती सवलत 2022 मध्ये गेली, आता अशा मशीनला सहसा 18 टक्के धरावे लागतात, म्हणजे पाच लाखाच्या मशीनला नव्वद हजार कमीच पडणार होते. ट्रॅव्हलमध्ये रिक्षा आणि ट्रेन. अहो पण चिखलापर्यंत जाणार कसं? होडी लागणार, होडी कोळीवाड्यातल्या कुणाची तरी असणार, ती भरती-ओहोटी बघून निघणार, आणि होडीवाला काही जीएसटीचं बिल देणार नाही. तो साध्या कागदावर सही करून देईल, पाच हजाराच्या वर रक्कम असेल तर त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा, आणि होडी भाड्याने घेणार हे मुळात बजेटच्या जस्टिफिकेशनमध्ये लिहिलेलं पाहिजे, नाहीतर दोन वर्षांनी ऑडिटर तो कागद बाजूला काढून ठेवतो आणि मॅडमना स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. हे कुठल्याही पीपीटीत नसतं. आणि बॉटनीच्या मॅडमना ते माहीत असावं अशी अपेक्षा तरी का करायची?

पगाराचंही तेच. 30 लाखांचा तीन वर्षांचा प्रोजेक्ट म्हटला की लोकांना वाटतं भरपूर झाले. 2023 पासून जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवर काम करणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना 37,000 आहेत, दोन वर्षांनी तो एसआरएफ, म्हणजे सीनिअर झाला की 42,000, म्हणजे एका मुलाचे तीन वर्षांचे 13,92,000 इथेच गेले, वर एचआरए, म्हणजे घरभाडं भत्ता, आणि मुंबई एक्स वर्गातलं शहर असल्याने तो सगळ्यात जास्त दराने. उरलेल्यात मशीन, केमिकल्स, फिरणं, कंटिन्जन्सी म्हणजे किरकोळ खर्च. हा हिशोब आधी मांडला तर प्रपोजलचा आवाका आपोआप जमिनीवर येतो, चार ऐवजी दोन ऑब्जेक्टिव्ह्ज राहतात. आर्ट्सवाल्यांनाही हेच लागू, आयसीएसएसआरकडे, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे मागताना प्रश्नावली छान बनवतात पण सर्व्हे करणाऱ्या मुलांचा प्रवास आणि मराठी-हिंदी मुलाखती टाइप करून घेण्याचे पैसे धरायचे राहतात.

आता समजा मंजूर झालं. पेढे वाटतात, मॅनेजमेंट फोटो काढते, आणि मग खरी गंमत सुरू होते. पहिला हप्ता येतो, दुसरा यायला यूसी लागतं, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, जीएफआर म्हणजे केंद्राच्या आर्थिक नियमांतल्या 12-ए नमुन्यात, सोबत स्टेटमेंट ऑफ एक्स्पेंडिचर, दोन्हीतले आकडे पैशापैशाने जुळले पाहिजेत. पैसा आर्थिक वर्षाच्या शेवटाला आला तर 31 मार्चच्या आत खर्च करायची मारामार, खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर, आणि जेमवर तुम्हाला पाहिजे तेच मॉडेल मिळेल असं नाही. एका हेडचा, म्हणजे खर्चाच्या सदराचा पैसा दुसऱ्यात वळवायचा तर आधी परवानगी. आणि हे सगळं करणारा कोण, तर तोच एक क्लार्क जो स्कॉलरशिपचे फॉर्म, फी, पगारबिल आणि पीएफ बघतो. तो बिचारा प्रोजेक्टची फाइल खालीच ठेवणार. यूसी लटकलं की पुढचा हप्ता लटकतो, फेलोचे पगार थांबतात, मुलगा सोडून जातो, आणि सर ठरवतात की पुन्हा म्हणून या भानगडीत पडायचं नाही. असे किती हुशार लोक मी गप्प बसलेले पाहिलेत. वर्कशॉपला तेच खुर्च्या भरायला येतात.

पवईला आयआयटीत संशोधनाच्या प्रोजेक्टचं हे सगळं बघायला आयआरसीसी नावाचं आख्खं वेगळं ऑफिस आहे. तिथल्या प्राध्यापकांना ग्रँट मिळतात त्या हुशारीवर मिळतात हे मान्य, पण मागे फाइल सांभाळणारी माणसं आहेत हेही तितकंच खरं.

कुणी म्हणेल होमी भाभांनी कुठे फॉर्म भरले होते. बरोबर आहे, त्यांनी 12 मार्च 1944 ला सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सोराब सकलातवालांना एक पत्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ते पत्र म्हणजे एक नंबर प्रपोजल आहे, गरज काय, का आत्ता, का इथे, सगळं आहे त्यात. पण भाभांची आत्या दोराबजी टाटांच्या घरात दिलेली होती हेही लक्षात ठेवा. नालासोपाऱ्याहून धक्के खात येणाऱ्या असिस्टंट प्रोफेसरला पत्र टाकायला असा पत्ता नसतो, त्याला पोर्टलच असतं.

आणि आता तर पैशाच्या जागाही बदलतायत. 2023 च्या कायद्याने एएनआरएफ ही संशोधनाला पैसे देणारी नवी राष्ट्रीय संस्था आली, आधी हेच काम करणारं सर्ब हे मंडळ त्यात गेलं, पाच वर्षांत 50,000 कोटींची भाषा झाली, पण त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे धरलेत, म्हणजे कंपन्या, दानशूर लोक वगैरे. कंपनी कायद्याच्या शेड्यूल सातमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या संशोधनाला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चात धरली जाते, आणि एवढ्या कंपन्यांची हेड ऑफिसं आपल्या मुंबईत, नरिमन पॉइंटपासून बीकेसीपर्यंत. पण सीएसआरवाल्याला चाळीस पानं नको असतात, त्याला दोन पानात काय होणार आणि पैसे कुठे दिसणार ते हवं असतं. ही वेगळीच लिखाणाची तऱ्हा आहे, ती प्राध्यापकाने लेक्चर, पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइली सांभाळून रात्री शिकायची का?

माझं म्हणणं एवढंच की मुंबईतल्या विद्यापीठांनी जवळजवळच्या दहा-बारा कॉलेजांना मिळून एक पूर्णवेळ, पगारी ग्रँट ऑफिसर द्यावा. बजेट तपासणं, कोटेशन, जेम, यूसी हे त्याचं काम, सायन्समध्ये नाक खुपसायचं नाही. दुसरं, ज्यांची प्रपोजल्स मंजूर झाली त्यांची परवानगी घेऊन ती बजेटसकट लायब्ररीत वाचायला ठेवावीत. एक मंजूर झालेलं बजेट बघून माणूस शिकतो तेवढं दिवसभराच्या वर्कशॉपमध्ये शिकत नाही. पगाराला पैसे नाहीत असं उत्तर येणार हे मला माहितीये, पण बहुतेक ग्रँटमध्ये संस्थेसाठी ओव्हरहेड म्हणून रक्कम येते ती याच कामाची असते, ती कॉलेजच्या रंगरंगोटीत का जाते हे एकदा विचारा.

तोपर्यंत निदान निवृत्त अकाउंटंट लोकांना तरी बोलवा, मुंबईत आम्ही ढिगाने आहोत, मानधनावर आठवड्यातून दोन दिवस सहज येऊ. फक्त फेब्रुवारीत फोन करून 31 मार्चचं यूसी मागू नका, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच फाइल दाखवा.

आपला,
एक निवृत्त अकाउंटंट, बोरिवली