बाळ्यास पत्र: रझांचा बिंदू आणि आपली सोंड

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही, फोनही तूच केलास. शिव्या भेटीत घाल. गुडघे आहेत तसेच, साखर बरी.

झालंय असं की मी रझा घेतला, म्हणजे चित्रकार सय्यद हैदर रझांचं चित्र. हसू नकोस. कॅनव्हास कुठला परवडतोय, सेरिग्राफ घेतला. म्हणजे आपलंच स्क्रीन प्रिंटिंग, कोट-टाय घातलेलं. मधे काळा बिंदू, भोवती लाल-पिवळे त्रिकोण, खाली पेन्सिलीनं 64/100, म्हणजे शंभरातली चौसष्टावी प्रत, आणि सही. लहानपणी मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून 'याच्याकडे बघत बस' म्हटलं, त्याचा या माणसानं नागपूर, मुंबईचं जेजे आर्ट स्कूल, पॅरिस करत जन्मभराचा बिंदू केला. आपल्या मास्तरांनी आपल्याला फक्त पट्टी दाखवली.

एका जुन्या वकिलांचं घर मोडलं, तिथनं उचलला. हिला दोन हजार सांगितलेत. खरा आकडा तुलाही सांगत नाही.

पहिल्या रात्री डोळा लागला नाही. 2009 साली खुद्द रझा दिल्लीत स्वतःच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले, तर भिंतीवरची बरीचशी चित्रं नकली! माणूस हयात असताना ही गत. 2016 ला तेही गेले, आता विचारायचं कुणाला? दोन वाजता उठून भिंग लावलं. इंकजेट प्रिंटरचा असता तर बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली असती. नाही. सपाट, भरीव शाई. बॅटरी तिरकी मारली तर काळा कागदावर चढलेला, बोटाला लागतो. लालची कड काळ्याखाली केसभर सरकवलेली, आपण सोनेरीखाली मरून सरकवायचो तशी. पिवळ्यात एक पिनहोलही सापडलं, सुईच्या टोकाएवढं. तू ती शीट फाडून टाकली असतीस.

पण त्यानं कळलं काय? स्क्रीनचं आहे, एवढंच. स्क्रीन मीही मारतो. आणि पेन्सिल काय, माझ्याकडेही आहे.

डाव्या कडेला निळा रेघभर बाहेर आलाय. रजिस्टर सरकलंय, रंगावर रंग नीट बसलेला नाही. ते बघत बसलो आणि सरपंचांकडच्या त्या पत्रिका आठवल्या. चारशे नग, गणपतीची सोंड थेट मोदकात! तू म्हणालास स्क्रीनची बिजागरी ढिली आहे, मी म्हणालो तू कागद गुण्याला नीट लावत नाहीस. आठ दिवस तू आला नाहीस, मग आलासच नाहीस. बाळ्या, बिजागरी ढिलीच होती. तिचा एक स्क्रू मीच काढला होता, टेबलफॅनला लावायला. तीस वर्षं मी 'कागद, कागद' म्हणत आलोय.

पोरीचं नाशकात बस्तान बसलं का? वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं ना? (घे, आणखी एक बिंदू.) जावईबापूंना नमस्कार.

दिवाळीआधी ये. येताना तुझं ते पितळी भिंग आण, माझ्या भिंगावर चरा गेलाय. सही तूच बघ, माझा धीर होत नाही. तोवर चित्र पेपरात गुंडाळून कपाटामागं ठेवलंय. हिला सापडलं तर तुझं आहे म्हणून सांगणार.

तुझा,
दादू

ता. क. फॅन अजून चालतो.