साठ हजार युनिटची पुडी हे मनावरचे औषध नव्हे

महोदय,

मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचा विकार असा वर्षानुवर्षे पाठ न सोडणारा आजार असलेल्या माणसाचा ‘ड’ जीवनसत्त्वाचा अहवाल बऱ्याचदा कमीच येतो. त्याच माणसाला झोप नसते, कशात मन लागत नसते, चिडचिड वाढलेली असते. मग घरचे दोन्हींची सांगड घालून मोकळे होतात. ‘डी कमी आहे म्हणून होतंय असं. पुड्या घ्या, बरं वाटेल.’ आरोग्य पुरवण्यांतले लेखही बहुधा हाच सूर लावतात. कमतरता भरून काढलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण नैराश्याचा उपचार ‘ड’ जीवनसत्त्वाच्या त्या साठ हजार युनिटच्या पुडीवर सोपवला की आजार तसाच राहतो आणि वेळ हातची जाते.

दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात हे खरे. मेंदूच्या काही भागांत या जीवनसत्त्वाचे ग्राही (ते जिथे जाऊन चिकटते ती ठिकाणे, रिसेप्टर) असतात, हेही खरे. पण आजारी माणूस घरात बसून राहतो, त्याला ऊन मिळत नाही, वजन वाढते तसे हे जीवनसत्त्व चरबीत अडकून पडते, आणि अंगात दाह असला की रक्तातली पातळी आपोआप खाली येते. म्हणजे आजारामुळेच उदासी आणि आजारामुळेच कमतरता, असेही असू शकते. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या 18,353 लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली. निम्म्यांना रोज 2,000 युनिट ‘डी थ्री’ (‘ड’ जीवनसत्त्वाचेच एक रूप), निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. 2020 मध्ये निष्कर्ष आला, तेव्हा नैराश्याच्या प्रमाणात फरक नव्हता. त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळात फार कमी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही ‘पुडीने नैराश्य पळते’ असे छातीठोकपणे म्हणण्याजोगा पुरावा आज नाही.

याच्या अगदी उलट चूकही होते, आणि ती जास्त दुखावणारी असते. कमतरता तीव्र असली की हाडे मऊ पडतात, मांड्या-खुब्यांचे स्नायू दुबळे होतात. मांडी घालून बसलेल्याला उठताना जमिनीवर हात टेकावा लागतो, जिना चढवत नाही, नडगीचे हाड अंगठ्याने दाबले की कळ येते. एक्स-रे पुष्कळदा ‘नॉर्मल’ असतो. मग ‘सगळं मनाचं आहे’ असे सांगून त्या बाईला (बहुधा बाईलाच) घरी पाठवले जाते. इथे कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासले तर उलगडा होतो. उपचाराने दुखणे काही आठवड्यांत, ताकद काही महिन्यांत सुधारते.

आता मात्रेविषयी. 25-हायड्रॉक्सी ‘ड’ची (रक्ततपासणीत मोजतात ते ‘ड’चे रूप) पातळी मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर प्रौढांना साधारणपणे 60,000 युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. पुढे महिन्याला एक पुडी किंवा रोज 1,000 ते 2,000 युनिट. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते, म्हणून रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर किंवा दुधातून घ्यावे. फेरतपासणी तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया. परदेशातल्या मुलांकडून आलेला अहवाल नॅनोमोलमध्ये असू शकतो, त्या आकड्याला अडीचने भागावे.

गडबड होते ती पुडी रोज घेतल्याने. दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने तेच औषध लिहिलेले असते, वर कोणी सहा लाख युनिटचे इंजेक्शन दिलेले असते, आणि हाडांच्या गोळीतला ‘डी थ्री’ कोणी हिशेबात धरत नाही. रक्तातले कॅल्शियम वाढते. त्याची लक्षणे पाहा: खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, सुस्ती, गोंधळलेपण, उदासी. शेवटची तीन पाहून घरच्यांना वाटते, डी अजून कमीच असणार. आणखी पुड्या येतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. अशा वेळी सर्व पुड्या आणि कॅल्शियम थांबवून त्याच दिवशी रक्तातले कॅल्शियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) तपासावे.

आजारानुसार हिशेब बदलतो. मूत्रपिंड निकामी होत असेल तर हे जीवनसत्त्व कार्यक्षम रूपात बदलण्याचे काम मंदावते, तिथे नुसती पुडी पुरत नाही आणि मात्रा नेफ्रॉलॉजिस्टनेच (मूत्रपिंडतज्ज्ञाने) ठरवावी. फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही फिटची औषधे आणि क्षयाचे रिफॅम्पिसिन यांमुळे ते यकृतात लवकर मोडते. पण क्षय आणि सारकॉइडोसिसमध्ये (फुप्फुसांत वगैरे दाहाच्या गाठी करणारा आजार) कॅल्शियम अचानक चढूही शकते. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांनाही हा धोका असतो.

उन्हाबद्दल एक गोष्ट. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाचे आपल्याकडे फार कौतुक आहे, पण त्यात लागणारे अतिनील-ब किरण नगण्य असतात, आणि खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते ती वेळ कामाची. पण विदर्भातल्या मे महिन्यात हृदयरोग्याने हे करू नये, आणि ल्यूपसच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते तो आजार) रुग्णाने तर उन्हात बसूच नये. त्यांनी गोळीच घ्यावी.

मनाची तपासणी वेगळी करायची असते. ‘पीएचक्यू-9’ ही नैराश्य जोखणारी नऊ प्रश्नांची यादी पाच मिनिटांत भरून होते. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. जीव नकोसा वाटतो असे उत्तर आले तर बेरीज पाहत बसू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तिथे मराठीतही बोलता येते. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 पाहावे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे, त्यातून शाकाहारी असेल तर, बी-12 हमखास तपासावे. मन बिघडवणारी औषधेही असतात, त्यात स्टिरॉइड पहिले. मात्र ते स्वतःहून बंद करू नये.

औषध दुकानदारांनी पाकिटावर वार लिहून द्यावा: ‘दर रविवारी एक, आठ रविवार’. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी 60,000 हा आकडा छापताना ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द त्याच ओळीत छापावेत, एवढी विनंती.

— एक फिजिशियन, नाशिक