आधी कोणती फरशी बुडते?

विश्रामबाग, सांगली

प्रिय बापू,

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "रात्री जागून नकाशे काढतोस, जुनी पुस्तकं तपासत बसतोस, आणि मोठमोठ्या कंपन्या तेच उचलून पैसे करतात. तुला काय मिळतं?" मी उत्तर द्यायला लागलो तोवर तुझी मीटिंग सुरू झाली. प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. काळजीपोटीच विचारलास हे मला कळतं, म्हणून सविस्तर लिहितोय. शेवटी एक काम सांगणार आहे, ते मात्र टाळू नकोस.

नकाशापासून सुरू करतो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणानं सुरू केला. तिथला सरकारी नकाशा उत्तम होता, पण वापरायचा तर पैसे मोजा आणि अटी पाळा. मग लोकांनीच जीपीएस घेऊन आपापल्या गल्ल्या फिराव्यात, रेषा जोडाव्यात आणि तयार होणारा नकाशा सगळ्यांचा असावा, असं ठरलं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा त्याची खरी ताकद दिसली. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा मदतीला गेलेल्यांकडे नव्हता. तेव्हा जगभरातली शेकडो माणसं आपापल्या घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रस्ते, कोसळलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या काढू लागली आणि थोड्याच दिवसांत तो नकाशा शोधपथकांच्या हातात होता. त्यातल्या बहुतेकांनी हैती कधी पाहिलंही नव्हतं.

मात्र लांब बसलेल्याला रस्ता दिसतो, रस्त्याचं नाव दिसत नाही. ती वाट पावसाळ्यात चालू असते का, हे तर मुळीच दिसत नाही. ते सांगायला त्या गावचाच माणूस लागतो, आणि माझ्या सगळ्या खटाटोपाचं मूळ इथं आहे.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर तू पुण्यातून टीव्हीवर पाहिलास. इथं प्रत्येकाच्या तोंडी एकच सवाल होता, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या त्या पुलापाशी पाणी चाळीस फुटांना गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराच्या खुणा ज्यांनी भिंतीवर करून ठेवल्या होत्या त्यांच्या त्या खुणाही बुडाल्या. बाहेरून पथकं आली, बोटी आल्या, जिवावर उदार होऊन माणसं आली. त्यांच्या फोनवरच्या नकाशात आपल्या काठावरची गावं म्हणजे एक ठिपका आणि त्याला जोडणारी एक रेघ. मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातल्या, वस्त्या नाहीत, पाणंदी, म्हणजे शेतांमधल्या वाटा, नाहीत, ओढे नाहीत. गावातली पोरं पुढे बसून वाट दाखवत होती म्हणून निभावलं. ब्रह्मनाळला बोट उलटली. नकाशा असता तर ती माणसं वाचली असती असं मी म्हणणार नाही. त्या बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. पण कुठल्या वस्तीवर किती घरं आहेत आणि तिथून कोरडी वाट कोणती, एवढं तरी आधी कागदावर असायला हवं, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलं.

आता हे काम चालतं कसं ते ऐक. ज्या छायाचित्रांवरून रेघा काढायची परवानगी आहे तीच घ्यायची. गुगलच्या नकाशावर बघून एक नावही उतरवायचं नाही, कारण ती त्यांची मालमत्ता, आणि नवख्यांना मी पहिल्याच दिवशी हे बजावतो. छायाचित्रावरून घरांची छपरं आणि डांबरी रस्ते चटकन निघतात. पाणंदी निघत नाहीत. आपल्याकडे आडसाली ऊस उभा राहिला की दोन्ही बाजूंनी पानं मिटतात आणि पाणंद वरून गायबच होते. तिथं जीपीएस चालू ठेवून, फोन खिशात घालून चालावंच लागतं. मग प्रत्येक रेघेला माहिती जोडायची: कच्ची की पक्की, ट्रॅक्टर जातो की नुसती दुचाकी, पुरात बुडते का. शेवटच्या प्रश्नासाठी वेगळी नोंद करता येते, आणि मला विचारशील तर आपल्या काठावर तीच सगळ्यात मोलाची. नावं मराठीत स्वतंत्र नोंदवता येतात. असा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवता येतो. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप घेऊन बघ, टॉवर बंद पडले तरी चालतात. पुरात पहिल्यांदा वीज जाते आणि तिच्यामागून टॉवर जातात, हे तुला नव्याने सांगायला नको.

नकाशावर नाव लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. ओपनस्ट्रीटमॅपचा रिवाज असा की जमिनीवर जे आहे ते लिहायचं. आता एखाद्या गावात फलक बदललाय, ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, पण वरच्या आळीतली माणसं अजून जुन्याच नावानं हाक मारतात. मग जमिनीवरचं नाव कोणतं? नकाशा काढणाऱ्या आमच्या गटात यावर बराच वाद झाला. जुनं नावही ठेवायची सोय आहे, इतिहास म्हणून ते ठेवावं असं काहींचं म्हणणं. मी त्या वस्तीत जाऊन बसलो. तिथल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या घराचं नाव आम्हाला विचारा की." तेव्हापासून मी वस्तीतल्या लोकांनी सांगितलेलं नाव लिहितो आणि जुनं कुठंही ठेवत नाही. इतिहास लिहायला दुसऱ्या जागा आहेत. एखाद्या पोराच्या शाळेच्या वाटेवर तो चिकटवून ठेवायची गरज नाही. हे मी गटातही ठामपणे मांडलं आणि बहुतेकांना पटलं.

पुस्तकांचंही त्याच पुरातून सुरू झालं. शहरातल्या जुन्या वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली, त्यात कितीतरी दुर्मीळ. चिखलात फुगलेली ती पुस्तकं पाहिलेला माणूस नंतर स्वस्थ बसू शकत नाही, बापू. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, जिथं देवल आणि खाडिलकर हे नाटककार घडले, तिथं त्यांचीच जुनी छापील पानं एका पावसाळ्यात जाऊ शकतात. आपला कायदा असा आहे की लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की त्याचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं होतं. देवल १९१६ साली गेले, खाडिलकर १९४८ साली. दोघंही केव्हाच मोकळे झाले. कुणाची परवानगी नको, फक्त कष्ट हवेत.

ते कष्ट विकिस्रोतावर, म्हणजे अशा मोकळ्या पुस्तकांच्या लोकांनीच भरलेल्या ऑनलाइन वाचनालयात, घेता येतात. एका बाजूला मूळ पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर. यंत्र मराठी बरं वाचतं, पण जुन्या छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची सर्रास गल्लत करतं, आणि पुसटलेला अनुस्वार सोडून देतं. आपण ओळीला ओळ लावून दुरुस्त करायचं. 'नाहीं', 'करणें' असं छापलं असेल तर तसंच ठेवायचं, आजचं शुद्धलेखन लादायचं नाही. एकदा तपासलं की पान पिवळं होतं. मग दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळं करणाऱ्यालाच ते हिरवं करता येत नाही, व्यवस्थाच करू देत नाही. कितीही विद्वान असलास तरी दुसरी नजर लागतेच. माझी पानं नागपूरकडची एक शिक्षिका हिरवी करते, तिची मी करतो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण तिनं माझ्या नजरेतून सुटलेली वेलांटी पकडली की फार बरं वाटतं.

आपल्या शेजारी, वाईत, याच्या अगदी उलट वाटेनं केवढं मोठं काम झालं! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ ला आला, आणि विसाव्या खंडापर्यंत पोचायला पुढे काही दशकं गेली. प्रत्येक नोंद जाणकाराकडून लिहून घेतलेली, संपादकांनी तपासलेली. लोकांनी मिळून लिहिलेल्या विकिपीडियानं विश्वकोशाची गरज संपवली असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज त्यात गावांवरचे असंख्य लेख एकाच साच्यातले, दोन-चार ओळींचे आहेत. गाव कुठल्या तालुक्यात आहे यापलीकडे काही कळत नाही. संख्या वाढवायच्या हव्यासातून हे झालंय आणि ते मला खुपतं. पण तोच लेख मी आज उघडून त्यात गावची यात्रा, उपसा जलसिंचन योजना, शाळेचं स्थापनावर्ष संदर्भासकट घालू शकतो, वाईच्या नोंदीचा आधार देऊ शकतो. विश्वकोशही आता संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. जाणकारांनी पाया घालावा आणि गावोगावच्या माणसांनी तपशील भरावेत, अशी ही जोडी मला हवी आहे. नुसत्या गर्दीनं ज्ञान तयार होत नाही, हे मी आमच्या गटातल्या पोरांनाही सांगतो.

आता तुझा कंपन्यांचा मुद्दा. खरं आहे, ॲपल, ॲमेझॉन, मेटा या सगळ्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं विकिपीडियावर पोसली गेली आहेत. पण अटी बघ. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना म्हणतो: वापरा, विका, पण श्रेय द्या, आणि या माहितीत भर घालून ती लोकांपुढे आणलीत तर तीही याच अटींवर खुली करा. विकिपीडियाच्या मजकुरालाही असाच परवाना आहे. सगळे ते नेकीनं पाळतात असं नाही, श्रेय दडवणारे पुष्कळ आहेत आणि त्यावर भांडावं लागतं. पण कंपनीला आपलं काम घेऊन दार लावता येत नाही.

दार लावणं म्हणजे काय ते आपल्याकडे दिसलेलंच आहे. गुगलनं २००८ मध्ये मॅप मेकर काढला, लोकांनीच नकाशा भरायचा. भारतात लोकांनी हौसेनं गल्ल्या, देवळं, दवाखाने भरले. ३१ मार्च २०१७ ला तो बंद झाला. भरलेलं सगळं कंपनीच्या नकाशात राहिलं; लोकांनी ते उचलून स्वतःचा नवा नकाशा उभा करायची मोकळीक नव्हती. दोन्हीकडे घाम लोकांचाच. ओपनस्ट्रीटमॅप उद्या कुणी वाईट चालवायला लागलं, तर आजपर्यंतची सगळी माहिती उतरवून घेऊन तू आणि मी सांगलीत तो पुन्हा मांडू शकतो. कंपनीनं त्यातून पैसे केले तर करू देत. त्यामुळे पाणंदीची नोंद कमी होत नाही.

आपल्या घरात सावड चालायची ती आठव. आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. तिथं कोण आलं आणि कोण नाही याचा हिशेब असायचा, आणि ते बरोबरच होतं. इथं मात्र कोण कुणाच्या रानात राबतंय ते कळत नाही. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांची छपरं परगावच्या, परदेशातल्या अनोळखी माणसांनी आधीच काढून ठेवली आहेत. कुणी काढली ते मला माहीत नाही, आणि त्यांची परतफेड मी करूही शकत नाही. मी दुसऱ्या एखाद्या नदीकाठचं गाव काढतो. तू विचारलंस ना काय मिळतं? हे मिळतं, आणि मला ते पुरतं.

एक उणीव मात्र सलते. हे करणाऱ्यांत बायका फार थोड्या आहेत, त्यामुळे नकाशात पेट्रोलपंप आणि हॉटेलं भरपूर, पण अंगणवाडी, पाणवठा, बायकांसाठीचं स्वच्छतागृह शोधावं लागतं. माणूस जे रोज वापरतो तेच त्याला नोंदवावंसं वाटतं. आमच्या गटात आता दोन आशाताई आल्या आहेत. त्यांना प्रत्येक घर माहीत आहे, गरोदर बाई कुठं आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठं आहे. ही माणसांची माहिती नकाशावर टाकायची नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. घर आणि वाट एवढंच टाकायचं. त्यांच्यामुळे मळीतल्या वस्त्या भराभर पुऱ्या होतायत.

आता काम. तुझ्या आप्पांनी २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर गावात राहून काढलेत. ओढ्यावरच्या दोन फरश्यांपैकी, म्हणजे ठेंगण्या पुलांपैकी, आधी कोणती बुडते, आयर्विनला किती फूट झाल्यावर बुडते, आणि मग गुरं कुठल्या पाणंदीनं वर न्यायची, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. वरच्या अंगाच्या ओढ्याचं नावही मला दोघांनी दोन सांगितलंय. ते अजून कोरं ठेवलंय, आप्पा सांगतील तेच लिहीन. पुढच्या महिन्यात यात्रेला येशील तेव्हा एक सकाळ मला दे. त्यांना दुचाकीवर मागे बसवून आपण तिघं फिरू, ऊन चढायच्या आत उरकेल. तोवर तू फोनमध्ये ऑस्मअँड उतरवून ठेव आणि सांगलीचा भाग आधी घेऊन ठेव, म्हणजे रानात नेटवर्क नसलं तरी अडणार नाही. यात्रेला शनिवारी येतोयस की रविवारी, तेवढं कळव, त्याप्रमाणे मी आप्पांना फोन करतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
आबा