अर्ध्या गुणाविषयी

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

"म्हणजे जिंकली नाहीस ना?" असं आईनं फोनवर विचारलं, तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली आणि बोलणं तुटलं. म्हणून लिहिते. राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत मी जिंकलेल्या डावांपेक्षा मला बरोबरीत सुटलेल्या एका डावाचा तो अर्धा गुण जास्त मोलाचा वाटतो.

समोरची मुलगी माझ्याहून लहान, पण रेटिंगनं खूप वर. माझी मोहरी काळी. चार तास उलटल्यावर पटावर उरलं काय, तर दोघींचे राजे, एकेक हत्ती आणि तिचं एक प्यादं. माझ्या घड्याळात दीड मिनिट, शिवाय दर चालीला मिळणारे ३० सेकंद. त्यातच चाल कागदावर उतरवायची. घामानं पेन बोटांतून निसटत होतं.

बाबा, अशा वेळी उगाच शह देत सुटावंसं वाटतं. पण अठराव्या शतकातल्या फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूनं यावरचा उपाय दाखवून ठेवलाय. राजा प्याद्याच्या वाटेवर शेवटच्या घरात ठेवायचा, हत्ती आपल्या बाजूनं तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे आडव्या ओळीत, लावायचा आणि धीर धरायचा. मग तिचा राजा त्या पट्टीवर पाऊल टाकूच शकत नाही. मी हत्ती तिथल्या तिथं हलवत राहिले. शेवटी तिनं प्यादं पुढं ढकललं. लगेच माझा हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मागून शहावर शह! राजाला आडोसा मिळाला असता ते घर तिच्याच प्याद्यानं अडवलं होतं. थोड्या वेळानं तिनंच बरोबरीसाठी हात पुढं केला.

आई, २०२५ च्या महिला विश्वचषकाची बाटुमीतली अंतिम लढत आठवते ना? कोनेरू हम्पी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचे पहिले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते. नंतर निकालासाठी खेळलेल्या जलद डावांतलाही पहिला बरोबरीत गेला, आणि दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. आधीच्या बरोबऱ्या राखल्या नसत्या तर तिथवर पोचलीच नसती ती. पुढच्या वर्षी पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेला जाणार का, असं तू विचारतेस. हो, जाणार. निवड चाचणीला नाव देणार आहे.

रविवारी निपाणीला येते. तोवर बाबा, पट मांडून ठेवा: पांढरा राजा डी५, हत्ती बी७, प्यादं ई५; काळा राजा ई८, हत्ती एच६. पांढरी तुम्ही घ्या आणि जिंकून दाखवा.

तुमची,
मनू